सहा फटक्यांची सूट

भास्कर मोघेला कुणी नुसतं "काय चाललंय?" विचारलं तरी तो सुरुवातीपासून सांगायचा. सुरुवातीपासून म्हणजे अगदी मुळापासून. जर्मनीत, श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागातल्या कारखान्यात सव्वीस वर्षं गिअरबॉक्सवर काम केलेला माणूस. कुठलीही गोष्ट उघडून, दाते मोजून दाखवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. समोरच्याला चैन पडतंय की नाही हा प्रश्न त्याच्यापुढं कधी आलाच नाही.

त्या गुरुवारी दुपारी तो हॅनोव्हरला हृषिकेशच्या घरी चहा पीत बसला होता. हृषिकेश म्हणजे बायकोचा, सुधाचा, मावसभाऊ. पाच तास गाडी हाकून आलेल्या पाहुण्याला त्यानं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "भाऊजी, ही ज्ञानदाची स्पर्धा नेमकी असते कशी?"

अरे बापरे. सुधानं कप खाली ठेवला आणि ती भावाला म्हणाली, "विचारलंस ना? आता बस."

ज्ञानदा, भास्करची मुलगी, समोरच थालीपीठ खात होती. वय पंचवीस, धंदा गोल्फ. धंदाच म्हणायचा, कारण ती उत्तर जर्मनीतल्या बायकांच्या एका छोट्या व्यावसायिक टूरवर खेळत होती आणि त्या वर्षी, म्हणजे दोन हजार एकोणीसच्या मोसमात, गुणांच्या यादीत चक्क पहिली होती. शुक्रवारपासून हॅनोव्हरजवळच मोसमाची शेवटची स्पर्धा, हेर्ब्स्टपोकाल. आपल्या भाषेत शरद चषक. आणि तिची बॅग उचलणारा, अंतरं सांगणारा, पाणी देणारा, म्हणजे तिचा कॅडी, तिचा बापच होता.

"चौऱ्याण्णव साली सुरू झाली," भास्कर म्हणाला. "तेव्हा साधा मामला. तीन दिवस खेळा, सगळ्यांत कमी फटक्यांत जी संपवेल तिचा कप. पण वर्षभर छान खेळलेल्या बाईला नेमका त्या तीन दिवसांत ताप आला की तिची मेहनत पाण्यात. म्हणून दोन हजार चारला गुणांची यादी आली. वर्षभर गुण मिळवायचे आणि पहिल्या वीसजणींनीच फायनल खेळायची. बरं, त्यातून झालं काय? दोन हजार सातला एक बाई गुणांत एवढी पुढं गेली, एवढी पुढं गेली, की फायनलला हात प्लास्टरमध्ये घालून आली. खेळलीच नाही. खुर्चीत बसून कॉफी प्याली आणि कप घेऊन घरी गेली!"

"मग?" हृषिकेश आता खरोखरच ऐकायला लागला होता.

"मग म्हणाले, फायनलच्या आधी गुण नव्यानं मांडू, अंतर कमी करू. केलं. तर नवीनच त्रांगडं. स्पर्धा जिंकायची एकीनं, आणि वर्षाचा कप दुसरीला. मागच्या वर्षी एकाच हिरवळीवर दोघी दोन कप घेऊन उभ्या, आणि पेपरात फोटो छापला तिसरीचाच! तिकडं अमेरिकेतल्या पुरुषांच्या मोठ्या टूरवरही मागच्या वर्षी हेच. दोन विजेते, दोन कप. त्यांनी यंदा त्यावर तोड काढली, ह्यांनी ती सरळ उचलली. सूट!"

"सूट म्हणजे?"

"शाळेत पळायच्या शर्यतीत लहान पोरांना दहा पावलं पुढं उभं करायचे की नाही? तसं. फक्त इथं पुढं उभं करायचं ते वर्षभर जी चांगली खेळली तिला. यादीत पहिली, तिला सुरू व्हायच्या आधीच वजा सहा. दुसरी वजा चार, तिसरी वजा तीन, चौथी वजा दोन. अशी उतरत उतरत शून्यावर. गोल्फमध्ये वजा म्हणजे पुढं, हे लक्षात ठेव. तिथून तीन दिवस खेळायचं, शेवटी जी सगळ्यांत खाली तिचा कप. एकच कप, एकच विजेती. आणि विजेतीला पुढच्या वर्षी वरच्या टूरचं कार्ड. युरोपभर खेळायचं."

"म्हणजे आपली ज्ञानदा सहा फटके आधीच पुढं?"

"गेनाऊ, बरोब्बर," भास्कर म्हणाला, आणि मिशीला लागलेला चहा पुसला. त्याचा चेहरा असा की फटके त्यानंच मारलेत.

हृषिकेश क्रिकेटचा माणूस. त्यानं क्रिकेटचाच प्रश्न विचारला. "आणि टाय झाली तर?"

"अरे, रणजी विसरलास काय?" भास्कर पार्ल्यात वाढलेला, मुंबईच्या रणजीवर पोसलेला. "मॅच अनिर्णित राहिली तर पहिल्या डावाची आघाडी ज्याची तो पुढं. तेच इथं. बरोबरी झाली तर यादीत जी वर ती जिंकणार. यादीत वर कोण? आपण."

"नियमांत आहे तसं?"

"नियमावली मी तीन वेळा वाचलीय. जर्मनमधून."

हे खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. अकरा पानांच्या नियमावलीतली दहा पानं भास्करनं तीनदा वाचली होती. अकराव्या पानाचं शीर्षक होतं 'इतर'. सव्वीस वर्षं जर्मन कागद वाचून त्याला ठाम माहीत होतं की 'इतर'मध्ये पार्किंग कुठं करावं आणि कुत्री आणू नयेत एवढंच असतं. शिवाय बरोबरीचं काय करायचं हे काय वाचायला लागतं? जो आघाडीवर होता तो आघाडीवर. शेंबडं पोरही सांगेल.

ज्ञानदानं ताटातून मान वर केली. "बाबा, म्हणजे, त्या टायचं..."

"तू खा," भास्कर म्हणाला. "उद्या साडेआठची वेळ आहे."

ती खाऊ लागली.

आता हे गोल्फ ह्या घरात शिरलं कसं, तेही सांगायला हवं. कारखान्याच्या क्रीडा मंडळानं एकदा हौशी वर्ग काढला होता. जर्मनीत परीक्षा दिल्याशिवाय कुणाला गोल्फच्या मैदानावर पाऊल टाकू देत नाहीत. लेखी परीक्षा, नियमांची, म्हटल्यावर भास्करला हुरूप आला. त्यानं तीसपैकी तीस मार्क मिळवले. मग मैदानावर गेला आणि सात वेळा काठी फिरवून चेंडूला एकदाही लागली नाही. बरोबर आणलेल्या आठ वर्षांच्या मुलीनं ती काठी त्याच्या हातातून घेतली आणि चेंडू झाडांच्या पलीकडं धाडला. त्या दिवसापासून भास्करनं खेळणं सोडलं आणि समजावणं धरलं.

मुलगी शिकली, श्टुटगार्टला इंजिनीअर झाली, आणि पदवीचा कागद हातात घेऊन म्हणाली, मी गोल्फ खेळणार. भास्करनं त्या दिवशी आकांडतांडव केलं नाही. त्यानं अट घातली. तीन वर्षं. तीन वर्षांत वरच्या टूरचं कार्ड मिळालं तर खेळ, नाहीतर गुमान नोकरी. ती तीन वर्षं ह्या सप्टेंबरात संपत होती. लुडविग्सबुर्गच्या एका कंपनीचं पत्रही आलं होतं, एक ऑक्टोबरपासून रुजू व्हा म्हणून. भास्करनंच ओळखीतून अर्ज करायला लावला होता. म्हणजे पोरगी हेर्ब्स्टपोकाल जिंकली तर युरोप, हरली तर लुडविग्सबुर्ग. आणि खरं सांगायचं तर, ती जिंकावी म्हणून हा माणूस जीव टाकत होता, आणि हरली तरी काही बिघडत नाही म्हणून शांत झोपतही होता. दोन्हीकडून आपलीच सोय.

शुक्रवारी ज्ञानदा एक फटका कमावून वजा सातवर गेली. शनिवारी आणखी दोन, वजा नऊ. तिच्या मागं होती ओल्डेनबुर्गची स्वेन्या हार्म्स. चौतीस वर्षांची, उंच, कमी बोलणारी, बारा वर्षं ह्याच टूरवर घासलेली बाई. तिची सुरुवात वजा दोनपासून, पण दोन दिवसांत ती वजा सातवर येऊन बसली होती.

"दोनचं अंतर आहे," शनिवारी संध्याकाळी भास्कर म्हणाला. "उद्या काही पराक्रम करायचा नाही. सगळीकडं पार. आघाडी असली की फिल्डिंग पसरायची आणि वेळ काढायचा."

पार म्हणजे एका होलसाठी, सुरुवातीपासून खळग्यापर्यंतच्या एका टप्प्यासाठी, ठरलेले फटके. तेवढ्यात चेंडू खळग्यात गेला की हिशोब जिथल्या तिथं. ज्ञानदा "हो, हो" म्हणाली आणि पायाला तेल चोळत बसली.

रविवारी वारा सुटला. अठरा होलपैकी पंधरा होईपर्यंत ज्ञानदा स्वेन्याच्या पुढंच होती. सोळाव्याला एकनं पुढं. सतराव्याला स्वेन्यानं बारा मीटरवरून चेंडू असा लोटला की तो वळणं घेत घेत गेला आणि टुपकन खळग्यात पडला. प्रेक्षक फार नव्हते, दीडशे असतील, पण ओरडले पाचशेंच्या वरताण. बरोबरी. दोघी वजा अकरा. एक होल शिल्लक.

भास्करला जराही धाकधूक झाली नाही. का व्हावी? बरोबरी म्हणजे आपणच.

अठरावा होल पार पाचचा. मधे उजवीकडून घुसलेलं तळं, पलीकडं ग्रीन, म्हणजे बारीक कापलेली हिरवळ आणि त्यात तो खळगा. दुसऱ्या फटक्यात तळं ओलांडून ग्रीन गाठता येतं, पण चुकलं की चेंडू पाण्यात. नाहीतर तळ्याच्या अलीकडं थांबायचं आणि तिसऱ्या फटक्यात पलीकडं जायचं. ज्ञानदाचा पहिला फटका सरळ मधोमध. स्वेन्याचा उंच गवतात. तिला तिथून कसाबसा चेंडू बाहेर काढावा लागला.

"पार तरी निघतोय का बघ तिचा," भास्कर बॅगेपाशी कुजबुजला. "निघाला तरी तुझाही पार, बरोबरी, कप आपला. अलीकडं थांब. आठ नंबरची काठी घे. ऐकतेस ना?"

ज्ञानदानं गवताचं पातं तोडून हवेत सोडलं, ते उडून तिच्याच जॅकेटला चिकटलं. मग तिनं आठ नंबरची काठी घेतली आणि चेंडू तळ्याच्या अलीकडं नीट ठेवला. तिसरा फटका ग्रीनवर, पाच मीटर लांब. दोन हलके फटके, पार. स्वेन्यानंही दात ओठ खाऊन पार काढला. दोघी वजा अकरा.

आणि भास्कर मोघेनं टोपी हवेत उडवली.

नुसती उडवली असती तरी चाललं असतं. त्यानं मुलीला मिठी मारली. दोरीपलीकडं उभ्या सुधाला दोन्ही अंगठे दाखवले. मग तो स्वेन्याकडं गेला, तिचा हात हातात घेतला आणि मोठ्या मनानं म्हणाला, "फार सुंदर खेळलात. पुढच्या वर्षी नक्की." स्वेन्या त्याच्याकडं अशी बघत राहिली की बिचाऱ्याला ऊन तर लागलं नाही ना. पण ऊन नव्हतंच. ती काही बोलणार एवढ्यात स्पर्धेच्या संचालिका, फ्राउ ल्यूबर्स, बॅटरीवरची छोटी गाडी घेऊन आल्या.

"दहा मिनिटांत प्लेऑफ," त्या म्हणाल्या. "पुन्हा अठरावा होल. जी आधी पुढं जाईल ती जिंकली."

"कसला प्लेऑफ?" भास्कर म्हणाला. "ही यादीत पहिली आहे."

"होय. म्हणून तिला सहा फटके दिले."

"पण बरोबरी झाली तर जी वर..."

"हेर मोघे," फ्राउ ल्यूबर्स शांतपणे म्हणाल्या, "सूट एकदा दिली. पुन्हा कशी देणार? पान अकरा."

पान अकरा! भास्करच्या कानशिलापासून मानेपर्यंत सगळं तापलं. दीडशे माणसं बघत होती. टोपी कुठं पडली होती तेही दिसेना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण लाज वाटत होती ती वेगळीच आणि ती फार खोल होती. तीन वर्षांचा शेवटचा फटका पोरीनं मारायचा होता, समोर मोकळं ग्रीन होतं, आणि आपण तिला सांगितलं, थांब. आपल्या शहाणपणानं सांगितलं. रणजी! कुणी सांगितलं होतं रणजी म्हणून?

दोरीजवळ सुधा उभी होती. एरवी अशा वेळी ती म्हणाली असती, "तरी मी म्हणत होते." ती म्हणाली, "अहो, टोपी घ्या," आणि टोपी त्याच्या हातात दिली. त्यानं त्याला अधिकच वाईट वाटलं.

गाडीत मागं दोघं शेजारी बसले, मांडीवर बॅग. गाडी अठराव्याच्या सुरुवातीकडं निघाली. ज्ञानदा केळं सोलत होती.

"ज्ञानदा, माझं चुकलं," भास्कर म्हणाला. हे वाक्य ह्या माणसाच्या तोंडून किती वर्षांनी निघालं ते देव जाणे. "मी शेवटचं पान वाचलंच नाही. मला वाटलं, बरोबरी म्हणजे आपणच. माझ्यामुळं तू थांबलीस."

"तुझ्यामुळं?" ज्ञानदानं केळ्याचा घास घेतला. "नाही रे बाबा. मला माहीत होतं प्लेऑफ होणार ते. मी पान अकरा वाचलंय."

"मग थांबलीस का?"

"वारा समोरून होता. एकशे नव्वद मीटर, समोरून वारा. चेंडू पाण्यात गेला असता." ती चघळत म्हणाली. "तू काय बोलत होतास ते खरं म्हणजे मी ऐकलंच नाही. सॉरी."

भास्करला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच्या मागोमाग एक कळही आली. म्हणजे आपण तिला बुडवलं नाही हे बरं झालं, पण आपण तिला तारलंही नव्हतं. गेले दोन मोसम आपण बॅगेपाशी उभं राहून जे जे सांगत होतो ते कुठं जात होतं? वाऱ्यावर? आणि पोरगी तरी अशी दीडशहाणी, चारचौघांत बाप टोपी उडवतोय तर हात धरायचा नाही का? तो तिच्यावर मनातल्या मनात चिडला. मग तिच्या बुटांकडं त्याचं लक्ष गेलं. चिखलानं माखलेले, नाडी दुहेरी बांधलेली. ती हे सगळं एकटीनं करत होती. त्याला एकदम भडभडून आलं.

"हे बघ," तो म्हणाला. "ती अट. तीन वर्षांची. मी मागं घेतो. आज हरलीस तरी एक ऑक्टोबर वगैरे काही नाही. खेळ तू."

ज्ञानदा त्याच्याकडं बघतच राहिली. "आत्ता, बाबा? हे तू मला आत्ता सांगतोयस?"

"मग कधी सांगू?"

"नंतर," ती म्हणाली आणि केळ्याचं साल त्याच्या हातात दिलं. "आता मला फक्त अंतर सांग."

प्लेऑफला फक्त दोघी. सूट नाही, यादी नाही, दोघी शून्यावर. फ्राउ ल्यूबर्सनी नाणं उडवलं, पहिला फटका स्वेन्याचा आला. ह्या वेळी तिनं चूक केली नाही. चेंडू मधोमध. ज्ञानदाचाही मधोमध, तिच्यापेक्षा पंधरा मीटर पुढं.

स्वेन्यानं विचार केला आणि अलीकडं थांबायचं ठरवलं. बारा वर्षांचा अनुभव होता तो. चेंडू तळ्याच्या काठाशी, तिसऱ्या फटक्याला सोयीच्या जागी जाऊन बसला.

आता ज्ञानदा. भास्करनं अंतर मोजायची दुर्बीण डोळ्याला लावली. "ग्रीनच्या काठापर्यंत एकशे एकोणऐंशी. खळग्यापर्यंत एकशे ब्याण्णव." मग त्यानं तळ्याकडं बघितलं. मघाशी पाण्यावर सुरकुत्या होत्या, आता नव्हत्या. पलीकडचा झेंडा मरगळून काठीला टेकला होता. "वारा पडलाय," तो म्हणाला.

ज्ञानदानं हातमोजा नीट ओढला. ती तळ्याकडं बघत होती.

आता सव्वीस वर्षांचा इंजिनीअर, पार्ल्याचा रणजीवाला, दोन्हीकडून सोय बघणारा बाप, ह्या तिघांनाही भास्करच्या आतून एकच म्हणायचं होतं. थांब. अलीकडं ठेव. तीसुद्धा थांबलीय ना? मग तूही थांब. ते शब्द जिभेपर्यंत आलेसुद्धा. आणि त्याला आठवलं की पोरीनं अंतर विचारलंय, मत नाही.

त्यानं तोंड मिटलं. बॅगेत लाकडी डोक्याच्या मोठ्या काठ्यांवर सुधानं विणलेल्या लोकरी टोप्या होत्या. त्यातली निळी टोपी त्यानं स्वतः ओढून काढली आणि काठीचा दांडा ज्ञानदाच्या बाजूला कलवला. घ्यायची तर घे, नाहीतर ठेव.

तिनं काठी घेतली. बापाकडं एकदा बघितलं, तेही ओझरतं. मग दोन पावलं मागं गेली, एकदा खांदे सैल केले, आणि मारला.

चेंडू वर गेला. वर जाताना तो बरोबर वाटला, मधे थोडा उजवीकडं वाटला, आणि खाली येताना भास्करनं डोळेच मिटून घेतले. कान मात्र उघडे होते. पाण्याचा आवाज आला नाही. दीडशे माणसांचा आला.

डोळे उघडले तर पांढरा ठिपका ग्रीनच्या मागच्या अंगाला, खळग्यापासून नऊएक मीटरवर थांबलेला. भास्करनं बॅग खांद्यावर सरकवली आणि तो चालू लागला.

स्वेन्या खरी लढवय्यी. तिनं तिसरा फटका खळग्यापासून तीन मीटरवर आणून ठेवला. ज्ञानदानं नऊ मीटरवरून लोटलेला चेंडू खळग्याच्या वीतभर अलीकडं थांबला. आता स्वेन्याचा चेंडू आत गेला असता तर पुन्हा बरोबरी. तो गेला, कडेवर आला, कडेनं अर्धा फेरा मारला आणि बाहेर येऊन बसला. स्वेन्यानं एक क्षण आकाशाकडं बघितलं. मग तिनं स्वतःच ज्ञानदाला खूण केली, घाल.

ज्ञानदानं वीतभर अंतरावरून चेंडू आत घातला.

ह्या वेळी भास्करनं टोपी उडवली नाही. त्यानं खळग्याचा झेंडा उचलला, नीट परत लावला, आणि मग तिथंच उभा राहून रडला. खळखळून, नाक ओढत, लोकांदेखत. सुधा दोरीखालून वाकून आली आणि तिनं ज्ञानदाचा चेहरा दोन्ही हातांत धरला. स्वेन्या आली आणि भास्करशी हात मिळवून म्हणाली, "आता अभिनंदनाची बरोबर वेळ आहे." तो रडतारडता हसला.

कप झाला, फोटो झाला, एकाच बाईचा, एकाच कपाबरोबर. एका पत्रकारानं बापाला विचारलं की ही सूट देण्याची भानगड जरा समजावून सांगाल का. भास्कर म्हणाला, "पान अकरासकट तिला विचारा."

तासाभरानं पार्किंगमध्ये गाडीत सामान भरताना तो म्हणाला, "आता उद्या त्या लुडविग्सबुर्गच्या लोकांना कळवायला हवं. बरं नाही दिसत, आयत्या वेळी नाही म्हणणं. मी फोन करतो."

ज्ञानदानं आईकडं बघितलं. आईनं डबे भरायला घेतले.

"बाबा, त्यांना माहीत आहे," ज्ञानदा म्हणाली. "मी ऑगस्टमध्येच नाही म्हणून कळवलं."

भास्करचा हात डिकीच्या झाकणावरच राहिला. "ऑगस्टमध्ये? म्हणजे ही स्पर्धा सुरू व्हायच्या..."

"हो. पाच आठवडे आधी."

त्याला हळूहळू उमगत गेलं. शुक्रवार, शनिवार, आजचा वारा, ते तळं. तो बॅगेपाशी उभा राहून थांब, जप, सांभाळून म्हणत होता ते हरली तरी नोकरी आहे ह्या भरवशावर. आणि नोकरी नव्हतीच. ती पोरगी खाली काहीही न अंथरता उडी मारत होती, आणि मारताना केळं खात होती. आत्ता कुठं त्याच्या अंगावर काटा आला.

"आणि हरली असतीस तर?"

"हरले असते. पुढच्या वर्षी इथंच परत खेळले असते."

"आणि सुधा, तुला हे माहीत होतं?"

"पत्र मीच पोस्टात टाकलं," सुधा म्हणाली.

"अगं, मग मला का नाही सांगितलं कुणी?" त्याचा आवाज चढला. पार्किंगमधले दोन जर्मन वळून बघायला लागले. "मी बाप आहे ना तिचा? कॅडी आहे ना? मला कधी सांगणार होतात?"

"तू विचारलंस कधी?" ज्ञानदा म्हणाली. ती चिडली नव्हती. खरंच आठवून बघत होती. "तू सांगत होतास, बाबा. सारखं सांगत होतास. विचारलं नाहीस."

भास्करकडं ह्यावर उत्तर होतं, त्याच्याकडं सगळ्यावर असायचं. ते अगदी सुरुवातीपासून, तीन मुद्द्यांत सांगता आलं असतं. त्यानं डिकी लावली. गाडीच्या मागं टेकून उभा राहिला. प्रश्न विचारायची त्याला सवय नव्हती.

"पुढच्या वर्षी," तो शेवटी म्हणाला, "तुझी बॅग मी उचलावी असं तुला वाटतं का?"

ज्ञानदानं लगेच हो म्हटलं नाही. ती विचार करत राहिली, खरोखरचा, आणि तळ्यावरून जाणाऱ्या चेंडूला घाबरला नसेल इतका भास्कर त्या वेळात घाबरला.

"बॅग तू उचल," ती म्हणाली. "नियम मी वाचते."